मधला झाप

नवशा गाडीत बसण्याआधी बॉनेटला हात लावायचा. तळहात नव्हे, बोटांची मागची बाजू; तान्ह्याचं अंग गरम लागलं की घरातल्या बाया लावतात तशी. मग गाडीभोवती एक फेरी, मग प्रत्येक टायरला पायाच्या अंगठ्याचा एक टोचा (तो अनवाणीच गाडी चालवायचा), आणि मग चावी. उशीर झालेला असो, समोर रोग्याचे नातलग घायकुतीला आलेले असोत, हा क्रम कधी चुकला नाही. मी सुरुवातीला त्याला घड्याळ दाखवायचो. तो म्हणायचा, "हात लावून घेऊ दे. इंजन नि मानूस, दोघांना विचारून काय कळत नाय." मी नुकताच पदवी घेऊन आलेला डॉक्टर होतो आणि विचारलं की सगळं कळतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टने तलासरीला फिरता दवाखाना काढला होता. एक जुनी विलायती मोटार, तिच्या मागच्या भागात औषधांची कपाटं, दोन्ही बाजूंना रंगवलेली दवाखान्याची खूण, आणि त्यात बसून पाड्यापाड्यांवर फिरणारा डॉक्टर. तो डॉक्टर मी. डहाणू रोड स्टेशनावर ट्रंक घेऊन उतरलो तेव्हा खाकी अर्ध्या चड्डीतला एक काळासावळा, चिवट अंगाचा माणूस पुढे आला. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा असावा. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू डाक्टर का?"

मला ते झोंबलं. गाडीत बसल्यावर मी त्याला समजावलं की डॉक्टरला 'तुम्ही' म्हणावं. त्याने मनापासून ऐकून घेतलं. त्यांच्या वारली बोलीत एका माणसाला 'तुम्ही' म्हणायची रीतच नाही, हे मला पुढे कळलं. देवाला तू, सावकाराला तू, फौजदारालाही तू. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तुमी म्हंजे जास्ती मानसं. तू तर एकलाच आलास." महिन्याभरात मला त्या 'तू'ची इतकी सवय झाली की ट्रस्टचे लोक 'डॉक्टरसाहेब, आपण' वगैरे करू लागले की ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटायचं.

तो सायवनचा. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा जंगलच्या ठेकेदारांनी कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या लॉऱ्या काढल्या होत्या. तशा एका लॉरीवर तो आधी लाकडं चढवायला होता, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. अक्षर एक ओळखत नव्हता. पण ती कोळशाची लॉरी म्हणजे तापट सासू होती म्हणे. जरा कमी तापली तर चालायची नाही, जरा जास्त तापली तर पेटायची. तिच्या हाताखाली सात-आठ वर्षं काढल्यावर आमची मोटार त्याला अगदीच गरीब गाय वाटायची. लायसन्स मात्र त्याने कमरेच्या पिशवीत, केळीच्या सोपटात गुंडाळून जपून ठेवलेलं असायचं. सायवनच्या आसपास तेव्हा लायसन्स असलेला तो एकटाच होता आणि लग्नकार्यात त्याला 'डायवर' म्हणून पुढे बसवायचे. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलेल्या आमच्या झाडूवालीने सांगितलं.

त्याच्या हाताचा गुण मला पहिल्याच पावसाळ्यात दिसला. गंजाडला एका म्हातारीला पाहायला बोलावलं होतं. जुलाब झाले होते, पण थांबले होते. ताप नव्हता. मी थर्मामीटर झटकला, खिशात ठेवला, तिला मिक्श्चर दिलं आणि काळजीचं कारण नाही असं सांगून गाडीत येऊन बसलो. नवशा कुडाशी टेकून उभा होता, तो गाडीकडे येईना. म्हणाला, "म्हातारी ठंडी हाय." मी म्हटलं, ताप नाही तिला, मग ठीकच आहे. त्यावर तो जे म्हणाला ते मी पुढे कित्येक विद्यार्थ्यांना सांगितलं आहे: "ताप नाय म्हंजे बरा, असं नाय. मेलेल्याला पन ताप नसतो."

मी चरफडत उतरलो. म्हातारीचे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले होते आणि नाडी हाताला लागत नव्हती. अंगातलं पाणी संपलं होतं म्हणून जुलाब थांबले होते. तिथेच सलाईन लावलं, तसंच तिला डहाणूला नेलं, म्हातारी जगली. ट्रस्टच्या वार्षिक अहवालात ही हकिगत 'तरुण डॉक्टरांचे प्रसंगावधान' या मथळ्याखाली छापून आली. मी ती वाचली आणि घरी आईला पाठवली. नवशाचं नाव त्यात घालावं असं मला सुचलंसुद्धा नाही. पुढच्या गोष्टीपुढे हे काहीच नाही, पण माझा पिंड कसला होता ते इथूनच दिसतं.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात सायवनच्या चढावर आमची गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, झाकणातून पाणी, आणि आम्ही भर उन्हात पळसाच्या सावलीला. नवशाने शांतपणे वाट पाहिली, गार झाल्यावर पाणी घातलं आणि गाडी परत आणली. कारण शोधायला हवं म्हणाला, पण दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या लग्नासाठी तो आठवडाभर सुट्टीवर गेला. आणि मला त्याच आठवड्यात ठाण्याला जायचं होतं. मुलगी पाहायला.

आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मामांनी स्थळ आणलं होतं. डॉक्टर जावई एस्टीतून धुळीने माखून उतरण्यापेक्षा मोटारीतून उतरलेला बरा, असं मामांनी सुचवलं आणि ते मला आधीच सुचलेलं होतं. दवाखान्याची गाडी खाजगी कामासाठी वापरायची नाही, हा ट्रस्टचा पहिला नियम. मी स्वतःला सांगितलं, गाडी उकळते आहे, ठाण्याला दाखवून आणू. स्वतःच चालवत मनोर, भिवंडी करत ठाण्याला गेलो. मुलगी पसंत पडली. तिनेही मोटारीचं कौतुक केलं.

गाडी दाखवायची ती मामांच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे, काशीनाथकडे, दाखवली. त्याने इंजिनाच्या डोक्यावरचे दोन बोल्ट काढले आणि आतून पितळेची एक लहानशी वाटी बाहेर काढली. हा थर्मोस्टॅट म्हणाला. इंजिन गार असतं तेव्हा हा बंद राहतो, पाणी आतल्या आत कोंडतो आणि इंजिनाला लवकर तापू देतो. तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. मग डोळा मिचकावून म्हणाला, "हे विलायती चोचले, डॉक्टर. तिकडे बर्फ पडतं. आपल्याकडे इंजिन तापवायला यंत्र कशाला? काढूनच टाकू, गाडी आयुष्यात उकळणार नाही." मला ते इतकं पटलं की मी हसलोच. त्याने वाटी आपल्या खणात टाकली, झाकण लावलं, आणि मामांची ओळख म्हणून काही घेतलं नाही. त्यामुळे कागदाचा एक कपटाही मागे राहिला नाही. तलासरीला पोचेपर्यंत तापमानाचा काटा तळाशी झोपून होता आणि मी शीळ घालत होतो.

नवशा सुट्टीवरून आला. गाडी जागची हललेली आहे, हे त्याला एका फेरीत कळलं असणार. मी 'जरा दाखवून आणली' एवढंच म्हणालो. त्याने रेडिएटरच्या जाळीत बसलेला गवताचा भुगा आणि वाळलेला चिखल काडीने बसून बसून काढला. उकळण्याचं खरं कारण ते होतं. माझा ठाण्याचा इलाज म्हणजे भलत्याच दुखण्यावरची शस्त्रक्रिया होती, पण ते कळायला मला बरेच महिने लागले.

पावसाळा सरता सरता नवशा कुरकुरू लागला. गाडी ठंडी चालते, तिला ताप येत नाही. मी हसण्यावारी नेलं. या मुलखात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच तक्रार, गाडी तापते. गाडी तापत नाही ही तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती. बरं झालं की, म्हटलं, देवाची कृपा समज. तो मान हलवायचा आणि पुन्हा बॉनेट उघडून बसायचा. त्याने मला एकेक लक्षण दाखवलं, मी वॉर्डात विद्यार्थ्याला दाखवावं तसं. तेलाच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरट चिकटा धरलेला. प्लग काढावेत तर काजळीने काळे. चोक ओढल्याशिवाय पाव मैल गाडी धड चालत नाही, आणि चोक ओढला की मागे काळा धूर. "पेट्रोल खाते नि जळत नाय," तो म्हणाला. "अर्धं कच्चंच बाहेर टाकते."

एकदा त्याने रेडिएटरपुढे गोणपाट बांधलं. अर्धी जाळी झाकली गेली, आणि तासाभरात तळाशी झोपलेला काटा उठून मधोमध आला. त्या आठवड्यात पेट्रोलही पुरून उरलं. इतका स्वच्छ पुरावा कुणालाही पुरला असता. पण घोलवडच्या बागायतदारांकडे आम्हाला चहाला बोलावलं होतं, आणि दवाखान्याच्या गाडीच्या तोंडाला गोणपाट मला भिकारडं वाटलं. मी ते सोडायला लावलं. त्याने सोडलं, घडी घातली आणि सीटखाली ठेवलं.

त्याचं निदान पुरं झालं ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी. मला बोलावून त्याने गाडी सुरू केली आणि माझा हात धरून वरच्या रबरी नळीवर ठेवला. ही नळी पहिल्यांदा गार राहिली पाहिजे, म्हणाला. इंजिन तापलं की मग एकदम गरम. पण ती सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत होती. म्हणजे पाणी पहिल्या मिनिटापासून फिरतंय, त्याला कोणी अडवत नाही. "आत मधला झाप असतो. आमच्या घराला असतो ना, विनलेला? ठंडीत लावायचा, ऊन आलं का काढायचा. तो झाप उघडा हाय. नाय तर नायच हाय." कोळशाच्या लॉरीच्या त्या गड्याने थर्मोस्टॅट हा शब्द ऐकला नव्हता, पण काशीनाथने काढलेल्या वस्तूचं काम त्याने नळीला हात लावून ओळखलं होतं. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

पुढच्या महिन्याआधी ट्रस्टचे चिटणीस आले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. पूर्वी जे पेट्रोल आठवडाभर जायचं ते पाचव्या दिवशी संपतं, आणि हे जूनपासून का, एवढं त्यांना हवं होतं. वाटेत डहाणूला त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की बागांवरचे पंप सुरू करायला पेट्रोल लागतं आणि ते चोरून विकणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. त्यांनी दवाखान्याच्या पडवीत खुर्ची मांडली, मला शेजारी बसवलं आणि नवशाला समोर उभं केलं. गावातली दहा-बारा माणसं औषधासाठी आली होती, तीही गोळा झाली.

नवशाने गाडी ठंडी चालते असं सांगितल्यावर चिटणीस हसले. मी हसलो होतो अगदी तसेच. मग नवशा पाना घेऊन आला आणि त्याने त्यांच्यासमोर ते दोन बोल्ट काढले. झाकण उचललं. आत रिकामं, गोल भोक. "इथं जी वस्तू असते ती नाय," तो म्हणाला. "म्हनून पेट्रोल जातं."

चिटणीस वाकून पाहत राहिले. मग सरळ होऊन त्यांनी विचारलं, "गाडी तुझ्या ताब्यात. मग ती वस्तू कोणी काढली? तीही विकलीस?"

नवशाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो. उलट तो सुटल्यासारखा दिसत होता. आता डॉक्टर बोलेल आणि प्रकरण मिटेल, असं. "मी सुट्टीवर होतो तवा गाडी गावाबाहेर गेलती," तो म्हणाला. "डाक्टरला इचार."

चिटणीस माझ्याकडे वळले. एवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते आजही ओळीने सांगता येतं. ट्रस्टचा पहिला नियम. ठाणं. पुढच्या महिन्यातला साखरपुडा. गावापुढे खाली जाणारी माझी मान. आणि मी म्हणालो, "मला यंत्रातलं काही कळत नाही."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून गेलं. चिटणीसांनी मान डोलावली, कारण डॉक्टरला यंत्रातलं कळत नसणारच. नवशाने झाकण पुन्हा लावलं, दोन्ही बोल्ट नीट आवळले, हात पुसले, चावी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाला, "बराबर हाय, सायेब. तुमाला कसं ठाव असनार."

तुमाला. दोन वर्षांपूर्वी ज्या शब्दासाठी मी त्याला शिकवणी दिली होती, तो शब्द त्याने मला दिला. पडवीतल्या वारल्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. चिटणीसांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांना तर हा माणूस आता कुठे ताळ्यावर आला असं वाटलं असेल. मला लाज वाटली, इतकी की मी उठून आत गेलो आणि उगाच हात धुवत बसलो.

त्याला तूर्त घरी बसायला सांगितलं होतं, चौकशी पुरी होईपर्यंत. मी मनाशी एक तोडगा काढला, आणि भित्र्या माणसाचे तोडगे असतात तसाच तो निघाला. गुपचूप ठाण्याहून ती वाटी आणायची, बसवायची, पेट्रोल पूर्वीसारखं पुरू लागलं की दोष गाडीचा होता हे आपोआप सिद्ध होईल आणि नवशा परत येईल. मला तोंड उघडावं लागणार नाही. काशीनाथच्या खणात वाटी होती तशीच होती. नवा ड्रायव्हर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी ती स्वतःच्या हाताने बसवली. यंत्रातलं मला तेवढं कळत होतं.

काटा मधोमध आला. धूर गेला. पेट्रोल आठवडाभर पुरू लागलं. आणि दोन महिन्यांनी चिटणीसांचं पत्र आलं: जुना ड्रायव्हर गेल्यापासून खप पूर्ववत झाला आहे, तेव्हा संशयाला आता जागा नाही, त्याला कायमचं कमी करावं. खाली माझ्या दक्षतेबद्दल दोन ओळी कौतुकाच्या होत्या. ज्या वाटीने त्याला सोडवायचं म्हणून मी आणली, तिनेच त्याच्यावर शिक्का मारला होता. अजूनही एक उत्तर लिहिलं असतं तर सगळं उलटलं असतं. मी चार वेळा लिहायला बसलो. पहिल्या ओळीच्या पुढे गेलो नाही, आणि मग माझं लग्न झालं.

पेट्रोलचोर ड्रायव्हर म्हटल्यावर त्याला गाडी कोण देणार? ठेकेदारांनी दिली नाही, बागायतदारांनी दिली नाही. तलासरीच्या बाजारात पोरं त्याला 'पेट्रोल' म्हणून हाक मारायची, असं मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन-तीन वर्षांनी नोकरी सोडून मी डहाणूला स्वतःचा दवाखाना थाटला. एकदा बायकोला घेऊन घोलवड स्टेशनावर उभा होतो, तर फलाटावर चिकूच्या करंड्या चढवणाऱ्यांत नवशा दिसला. अंगावर फक्त लंगोटी आणि डोक्याला फडकं. हातातली करंडी चढवून तो सरळ माझ्याकडे आला. "बऱ्या हायत ना बाई?" त्याने माझ्या बायकोकडे पाहून विचारलं. मग मला म्हणाला, "तुमचा दवाखाना चांगला चालतो, ऐकलं." मी काहीतरी बोललो. मालगाडीच्या गार्डाने शिट्टी दिली आणि तो धावत गेला. बायकोने विचारलं, "हा तोच ना हो, पेट्रोलचा?" जिला पाहायला ती गाडी गेली होती, ती बाई मला हे विचारत होती. मी म्हटलं, "हो, तोच."

हे 'हो' त्या पडवीतल्या वाक्यापेक्षा वाईट होतं, असं मला वाटतं. पडवीत मी घाबरलेला तरी होतो. फलाटावर मला कोण खाणार होतं?

साठचं दशक संपता संपता सायवनचा एक माणूस औषधाला आला आणि बोलता बोलता म्हणाला की नवशा गेला. चार दिवसांचं दुखणं. डॉक्टर बोलावला नाही. मी त्याच आठवड्यात माझी मोटार काढून सायवनला गेलो. सगळं ठरवून गेलो होतो. त्याच्या अंगणात त्याची बायको होती, लेक आणि जावई होते, शेजारपाजारची दहा-पंधरा माणसं होती. मी खाली बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती वस्तू मी काढवली. गाडी मी नेली होती, माझ्या कामासाठी. नवशाने पेट्रोलचा थेंबही घेतला नव्हता. बोलताना मी रडलो. दहा वर्षांनी अंगावरचं ओझं उतरतंय असं वाटलं, आणि लोक काय म्हणतील म्हणून मी मान वर केली.

त्याच्या बायकोने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तिचा आवाज चढलाही नाही. "ते आमाला ठाव हाय. त्याच राती त्यानं सांगलं. इथं त्याला चोर कोन म्हनत होता? जिथं म्हनत होते तिथं सांग ना जाऊन."

तिच्या बोलण्यात उपकाराचा किंवा सुडाचा, कसलाच सूर नव्हता. चुकून दुसऱ्याच्या दारात आलेल्या माणसाला रस्ता दाखवावा, तसं ती बोलली. मी उठलो. कासावरून डहाणूला परतायचा सरळ रस्ता सोडून मी मुद्दाम उधव्यावरून तलासरीला गाडी घातली. वाटभर वाक्यं जुळवत होतो. चिटणीस आता नव्हते, पण पडवीतली ती माणसं होती, बाजार होता, ज्या दुकानदारांच्या पोरांनी त्याला 'पेट्रोल' म्हटलं ते दुकानदार होते. मला फक्त नाक्यावर उतरून तोंड उघडायचं होतं.

नाक्यावर गाडी थांबवली. चहाच्या दुकानात पाच-सहा जण बसले होते, त्यांतले तिघे तरी त्या दिवशी पडवीत होते. मला पाहून सगळे उठले, बाकावरची जागा पुसली, चहा सांगितला. इतक्या वर्षांनी डॉक्टरसाहेब इकडे कसे काय, असं दुकानदाराने हात जोडून विचारलं.

"सायवनला एक पेशंट होता," मी म्हणालो.